अकरावा बोळा

"सहीच्या खाली, डाव्या हाताला तो लाल चौकोन आहे ना, तो शिक्का असणार. तेवढ्याचा क्लोजअप पाठवा. बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे."

फोन टेबलावर स्पीकरवर होता. बोलत होत्या पुण्याच्या लेलेबाई, चिनी भाषेच्या निवृत्त प्राध्यापक. माझ्या उजव्या हातात बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापसाचा ओला बोळा होता आणि तो लाल झाला होता. शेजारच्या वाटीत असेच आणखी दहा लाल बोळे पडले होते. सगळे त्याच चौकोनावर फिरवलेले.

"पाठवते," म्हणाले आणि फोन ठेवला. काडीसुद्धा वाटीच्या कडेला टेकवून ठेवली.

मी कागद दुरुस्त करते. आमच्या धंद्यात याला संवर्धन म्हणतात, पण करायचं असतं ते साधंच. फाटलेलं सांधायचं, सुटलेलं शिवायचं, किडीनं खाल्लेल्या जागी पातळ कागदाचं ठिगळ लावायचं. पडेगावच्या रस्त्याला आमची छोटीशी लॅब आहे. पोथ्या, निजामाच्या काळातल्या उर्दू सनदा, वतनाचे कागद, लग्नाचे जुने फोटो, असं सगळं तिथं येतं. तीस वर्षं मी हेच करत आले. माझ्या हातून काही बिघडलं नाही, असं सांगत फिरायची मला खोड होती. त्या बुधवारपर्यंत होती.

पुस्तक पिशोर गावाहून आलं होतं. आणलं होतं सुमनबाईंनी. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत थोड्या वाकलेल्या, आवाज मात्र शेतातून बांधावर जाईल असा. पुस्तक जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, ते मांडीवर घेऊन त्या एसटीनं आल्या होत्या. त्यांचे वडील काकडे मास्तर पिशोरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी ते दोन वर्षं बंगालात चित्रं शिकायला गेले होते. तिथं वर्गात एक चिनी मुलगा होता. त्याच्या देशात एक मोठा चित्रकार होता. व्यंगचित्र हा प्रकार तिकडे रुजवणाऱ्यांतला, पहिल्या फळीतला. त्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून इथं लिहीत नाही. मास्तरांनी गावातल्या पोरांची काही चित्रं काढून त्या मित्राच्या हाती या चित्रकाराला पाठवली. काही महिन्यांनी टपालानं हे पुस्तक आलं. त्यावर ब्रशनं चिनीत लिहिलं होतं, 'भारतातल्या मित्रास', आणि खाली सही.

असं मास्तर सांगायचे. गाव हसायचं. "चीनवाल्याला काय पिशोर ठावं," म्हणायचे लोक. मास्तरांचं नावच पडलं चिनी मास्तर. त्यांनीच ब्रश घेऊन सही ठोकली असणार, असंही कुणीकुणी म्हणायचं. तसं म्हणायला जागाही होती, कारण मास्तरांचा हात खरंच चांगला होता.

पुस्तक मी उघडलं तेव्हा माझा पहिला अर्धा तास चित्रं बघण्यातच गेला. चार-सहा फटकाऱ्यांत सगळं. एक पोरगं दोन खुर्च्यांना गाडी करून हाकतंय. एक बाप दारात उभा आहे आणि त्याच्या पाठीवरूनच कळतं की मुलगी सासरी गेलीय. तोंडं बहुतेक कोरी, ना नाक ना डोळे, तरी प्रत्येकाचा चेहरा दिसतो. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि एकही चित्र कळलं नाही असं झालं नाही.

आता अडचण काय होती ते सांगते. आपल्याकडे शहरात मराठवाड्यातल्या जुन्या चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात काकडे मास्तरांची चित्रं होती आणि सोबत हे पुस्तक ठेवायचं ठरलं होतं. पण भरवणाऱ्यांची अट होती. सही खरी आहे असं जाणकाराचं पत्र हवं, नाहीतर पुस्तक मांडणार नाही. जाणकार म्हणजे लेलेबाई. आणि लेलेबाईंचं म्हणणं असं की ब्रशची सही कोणीही चांगला चित्रकार उतरवू शकतो. चिनी चित्रकार सहीशेजारी स्वतःचा दगडात कोरलेला शिक्का उमटवतात. त्याची वळणं चित्रकाराच्या छापील चित्रांवरच्या शिक्क्याशी ताडून बघता येतात. तो जुळला तर सही खरी. नाही जुळला, किंवा सापडलाच नाही, तर चिनी मास्तर आयुष्यभर थापा मारत होते, असं कागदावर लिहून मिळणार. प्रदर्शनाला आठ दिवस होते.

आणि तो शिक्का मी पुसत होते.

का पुसत होते? आमच्याकडे वस्तू आली की आधी कंडिशन रिपोर्ट करतात. दवाखान्यातल्या केसपेपरसारखा तो असतो. काय फाटलंय, कुठं डाग आहे, काय करायचं. या पुस्तकाचा रिपोर्ट माझ्याच अक्षरात आहे. 'शिवण सुटलेली. कडा झिजलेल्या. कुंकवाचे डाग नऊ. स्वच्छ करणे.'

दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं. मराठवाड्यातून आलेलं घरगुती पुस्तक उघडलं आणि आत कुंकू नाही, असं माझ्या बघण्यात फार कमी आलंय. तीस वर्षांत मी इतकं कुंकू काढलंय की लाल दिसलं की माझा हात आपोआप कापसाकडे जातो. चूक हीच. दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईनं तो चौकोन बघून निदान विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. मला विचारावंसंच वाटलं नाही. कुंकू बोटानं लावतात, त्याचा डाग गोल उमटतो. हा चौकोनी होता. कुंकू भुरभुरतं, हे घट्ट बसलं होतं. दोन्ही गोष्टी मला दिसल्या होत्या. दिसूनही मी बोळा ओला केला.

खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि विचार करायला लागले. वाटीतला लाल रंग कुंकवाचा की शिक्क्याचा? शिक्क्याची शाई म्हणजे हिंगूळ, एक लाल खनिज, तेलात मळून केलेला लगदा. घरी केलेलं कुंकू म्हणजे चुन्यानं लाल झालेली हळद. त्याला आंबट लागलं की ते पुन्हा पिवळं पडतं. हिंगुळाला काही होत नाही.

डब्यात पोह्यांवर पिळायला आणलेली लिंबाची फोड होती. अकरा बोळे पांढऱ्या टाइलवर ओळीनं मांडले आणि एकेकावर थेंब टाकत गेले. पहिला पिवळा. दुसरा पिवळा. पाचव्यापर्यंत माझा श्वास जरा खाली बसला. सातवा, आठवा पिवळा. दहावा पिवळा, पण पुरता नाही. अकरावा लालच राहिला. मी आणखी एक थेंब टाकला. तो लालच.

अकरावा म्हणजे फोन वाजला तेव्हा हातात होता तो.

आमचे डायरेक्टर वाघमारे सर शेजारच्या खोलीत असतात. टाइल तशीच उचलून त्यांच्यासमोर नेली.

"सर, माझ्या हातून शिक्का पुसला गेलाय."

त्यांनी चष्मा काढला. "किती?"

"माहीत नाही. वर कुंकू होतं, खाली शिक्का. एका बोळ्याला शिक्क्याचा रंग लागलाय."

"बाजारच्या कुंकवालाही लिंबानं काही होत नाही. तो केमिकलचा रंग. ते असेल?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "असू शकेल," मी म्हणाले. बुडत्याला काडी मिळावी तसं झालं मला.

"आणि ही साफसफाई करायला मालकिणीनं सांगितलं होतं?"

मी फाइल उघडली. सुमनबाईंच्या अर्जावर एकच ओळ होती. 'शिवन सुटली ती सांधून द्यावी.' डाग काढा असं कुठंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं होतं.

"उद्या सकाळी जा पिशोरला," सर म्हणाले. "फोनवर सांगू नका. आणि तोवर पुस्तकाला हात लावू नका."

हात लावला नाही, पण मायक्रोस्कोपखाली नुसतं बघायला काय हरकत, म्हणून पान भिंगाखाली घेतलं. मगाशीच हे करायला हवं होतं. चौकोनाच्या खालचा कोपरा उघडा पडला होता. तिथं चमकदार, तेलकट लाल रेघ दिसत होती, आणि तिच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी जागा खरवडल्यासारखी रिकामी होती. मग वरचा न पुसलेला भाग बघितला. वरवर कुंकवाचे बोटांचे थर होते, एकावर एक. पण सगळ्यात खालचा थर बोटाचा नव्हता. त्यात ब्रशच्या केसांच्या बारीक समांतर रेघा होत्या. कडा सुतात धरल्यासारख्या सरळ. कुंकू डिंकात कालवून, कोणीतरी नीट बसून, शिक्क्याच्या मापाचा चौकोन रंगवला होता.

म्हणजे कुंकू शिक्क्यावर सांडलं नव्हतं, कोणीतरी तो झाकला होता. कोणी आणि कशाला, हे मला सांगता येईना. रात्रभर डोळा लागला नाही. झाकला असेल तर एकच कारण सुचत होतं. शिक्का खोटा होता आणि मास्तरांना तो पकडला जायची भीती होती.

सकाळी पिशोरला पोचले तेव्हा सुमनबाई अंगणात आल्याचं बेणं निवडत बसल्या होत्या. चहा ठेवायला उठल्या. मी म्हटलं, आधी ऐका, मग चहाचं बघू. लॅपटॉप उघडून पानाचा फोटो दाखवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुंकू काढलं?"

"हो."

"म्या काय सांगितलं व्हतं तुमाला? शिवन सांधा म्हनलं व्हतं. डाग धुवाया कापड दिलं व्हतं व्हय म्या?"

"नाही. माझी चूक झाली."

"आवं, पन्नास-साठ वर्साचं कुंकू हाय ते! लगीन होऊन सासरी गेले तरी दसऱ्याला म्या इथं यायची, तेवढ्यासाठी. माझ्या हाताचं हाय ते. तुमी कोन पुसनाऱ्या?"

कुंकू म्हणजे मळ, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. पुस्तकावर कोणीतरी सगळं आयुष्य लावत आलंय, हे माझ्या रिपोर्टच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मला रडू आलं. कामावर मी कधी रडत नाही, पण तिथं आलं.

त्यांनी बेण्याची टोपली बाजूला सारली. "बरं. इचारा काय इचारायचं ते."

"बाजारचं कुंकू कधी लावलं होतं का?"

"नाय. कधीच नाय. आई घरी करायची, मग म्या. बाजारचं आण्णांना चालायचं नाय." आण्णा म्हणजे मास्तर.

गेली ती बुडत्याची काडी. म्हणजे अकराव्या बोळ्यावरचा रंग शिक्क्याचाच. कणीएवढा का होईना, मी तो घालवला होता. तेही त्यांना सांगितलं. मग ब्रशच्या रेघा दाखवल्या.

"हा खालचा थर तुमचा नाही. हा डिंकात कालवून ब्रशनं लावलाय. असा हात तुमच्या घरात कोणाचा होता?"

"आण्णांचा. दुसरा कुनाचा असनार?"

"त्यांनी का लावला असेल?"

त्या स्क्रीनकडे वाकल्या. फोटोवरून बोट फिरवलं, चौकोनाच्या कडेकडेनं. "चीनशी लढाई झाली ना, तवा मी धा-अकरा वर्साची असंल," त्या सावकाश म्हणाल्या. "गावात लई बोलायचे लोक. मास्तराच्या घरी चिन्याचं पुस्तक हाय म्हनून. एक दिवस शाळंत साहेब आला, संगं पोलीस. संध्याकाळी ते घरी येनार व्हते. आण्णा दुपारीच आले, दार लावून बसले. दार उघडलं तवा पुस्तक देव्हाऱ्यात व्हतं, ताज्या कुंकवाचं. साहेबानं बघितलं, हात जोडले, गेला."

"आणि मग?"

"मग मला म्हनले, सुमे, दर दसऱ्याला कुंकू इथं लावायचंच, दुसरीकडं कुठंबी लाव पर इथं इसरायचं नाय. म्या म्हनलं, देवाची जागा असंल." त्यांचा आवाज खाली आला. "भ्याले व्हते व्हय माजे आण्णा? आन म्या त्यांचं भ्या पुजत बसले?"

आता मला बोलणं भाग होतं, आणि ही गोष्ट मला ठाऊक होती. "भ्याले असतील. असा लाल शिक्का साहेबाला चिनी सरकारचाच वाटला असता. पण एक सांगते. झाकायचंच होतं तर तेलरंग लावला असता. पान फाडून चुलीत घातलं असतं. त्यांनी डिंक घेतला. शिक्का तेलाचा, डिंक पाण्याचा. पाण्यानं डिंक सुटतो आणि तेलाला काही होत नाही; माझ्या हातून गेलं ते घासल्यामुळे. रंगाचं काम करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. तो कधीतरी काढायचा, या बेतानंच लावलाय त्यांनी."

"मग सोता काढला का नाय?"

"ते मला माहीत नाही."

त्या उठल्या. आत जाऊन पदरानं तोंड पुसून आल्या. "काढा मग. पर माझ्याम्होरं काढा. आन बाकीच्या आठांना हात लावायचा नाय. ते माजे हायेत."

दोन दिवसांनी त्या लॅबमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. वाघमारे सर मागं उभे. इतक्या वर्षांत माझं काम कोणी एवढं टक लावून बघितलं नव्हतं. बोळा जेमतेम ओला करायचा, टिपून घ्यायचा, एकदाच फिरवायचा, उचलायचा, लिंबाचा थेंब टाकायचा. पिवळा झाला तर पुढं. मधेच एक बोळा अर्धा लाल दिसला आणि माझा हात जागीच थांबला.

"काय झालं?" सुमनबाई.

"थांबा."

आणखी एक थेंब टाकला. मिनिटभरानं तो पिवळा पडला. सरांनी मागं मोठा सुस्कारा सोडला. मला सोडायची हिंमत नव्हती. दुपारचे जेवणाचे डबे तसेच राहिले. डिंक फुगायचा, सुटायचा, आणि खालून लाल-पांढऱ्या रेघा एकेक करून वर यायच्या. चार वाजता शेवटचा पापुद्रा निघाला. चार अक्षरांचा चौकोन, लखलखीत लाल, आत्ता उमटवल्यासारखा. खालचा एक कोपरा कणीएवढा तुटका.

लेलेबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितला, मग आणखी जवळ. त्यांच्या बाजूला पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज येत होता. सुमनबाईंनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"वरच्या ओळीतलं दुसरं अक्षर," लेलेबाई म्हणाल्या, "त्याचा उजवा पाय आखूड आहे. दगड कोरताना टवका गेला असणार. माझ्याकडच्या तिन्ही छापील चित्रांत तो तसाच आहे. असा टवका कोणी हातानं उतरवत नाही." जरा थांबून म्हणाल्या, "शिक्का त्यांचाच आहे. सही खरी."

सुमनबाईंना सगळं कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मास्तर खरं बोलत होते," मी म्हणाले.

"ते मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या आणि माझं मनगट सोडलं. "आता बाकीच्यास्नी सांगा."

"आणि हा खालचा कोपरा कशानं गेला?" लेलेबाईंनी विचारलं.

"माझ्यामुळे."

"पत्रात लिहावं लागेल."

"लिहा. रिपोर्टात मी आधीच लिहिलंय."

प्रदर्शनाला पिशोरहून एक टेम्पो भरून माणसं आली. ज्यांचे बाप मास्तरांना हसायचे, ती मुलं आता आजोबा झालेली. पुस्तक काचेखाली, सहीच्या पानावर उघडून ठेवलेलं होतं, शेजारी पाटीवर मास्तरांचं नाव आणि सहीवरच्या चिनी ओळीचा अर्थ, 'भारतातल्या मित्रास'. एक म्हातारे गृहस्थ ती पाटी दोनदा वाचून, टोपी काढून, नुसते उभे राहिले. बराच वेळ. त्यांनी सुमनबाईंना काही म्हटलं नाही आणि सुमनबाईंनीही त्यांच्याकडून काही वदवून घेतलं नाही.

सगळे पुढं गेल्यावर सुमनबाईंनी पिशवीतून छोटा करंडा काढला. बोटाला कुंकू घेतलं आणि काचेवर, बरोबर शिक्क्याच्या वर, टेकवलं. लांबून बघणारा वॉचमन फडकं घेऊन धावला.

"थांब," मी म्हणाले. "पुसायच्या आधी विचार, कोणी लावलंय."

तेव्हापासून आमच्या कंडिशन रिपोर्टात एक रकाना वाढलाय. 'डाग कोणी लावला? का लावला?' वाघमारे सरांनी तो छापून घेतला. लोक हसतात, काही जण वैतागतात, पण तो भरल्याशिवाय मी बोळा ओला करत नाही. अकरावा बोळा मी फेकलेला नाही. पाकिटात घालून, वर तारीख आणि माझं नाव लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय. माझ्या हातून काही बिघडलं नाही, असं तोंडातून निघायला लागलं की तो खण उघडते.